थोरली काहून गेली

कापूस पुन्हा फुटला आहे. शनिवारी दुपारी यवतमाळहून वणीला निघालेल्या बसच्या खिडकीतून तो दिसत राहतो. पानं लाल पडत चाललेली पऱ्हाटी, तिच्यावर उमललेली बोंडं, ओळीओळीतून वाकून सरकणाऱ्या बाया आणि टेम्पोतून उडून रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांत अडकलेले पांढरे पुंजके. मारेगाव मागे पडलं की हवेचा वास बदलतो. राजूरकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांची धूळ सुरू होते. आमच्या वणीत या दिवसांत दोरीवरचे कपडे झटकून घ्यावे लागतात. एकाच टॉवेलातून काळंही पडतं आणि पांढरंही उडतं.

बसमध्ये माझ्या हातात फोन असतो आणि फोनवर कुणीतरी लिहिलेली गोष्ट. शेजारची बाई थोडा वेळ डोकावून पाहते आणि न राहवून विचारते, "काय वाचून राह्यल्या जी?"

"गोष्ट."

"कोनाची?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता येत नाही. मागच्या वर्षी याच दिवसांत मला वाटत होतं की ते मला ठाऊक आहे.

मी वाचते त्या गोष्टी पुस्तकांच्या दुकानात मिळत नाहीत. एखादी मालिका पाहून ज्यांचं मन भरत नाही, किंवा मालिकेनं ज्यांना फसवलेलं असतं, अशी माणसं त्याच मालिकेतली पात्रं उचलून पुढचं स्वतः लिहितात आणि एका ॲपवर टाकतात. याला फॅनफिक्शन म्हणतात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मी शाळेत मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये या वाचनाचा विषय काढला तर लोक चहाच्या कपाकडे पाहायला लागतात, म्हणून मी तो काढत नाही.

आमच्या घरी संध्याकाळी एक मालिका लागायची. मोठं घर, कर्ती सासू, दोन जावा. गोष्ट धाकटीची होती. थोरली नुसती मागे असायची, ताट वाढताना, दिवा लावताना. एका भागात ती बॅग घेऊन बसमध्ये चढली. पुढच्या भागात सासू म्हणाली, "थोरली माहेरी गेली आहे." बस्स. त्यानंतर थोरली परत आली नाही. त्या नटीला दुसरीकडे बरं काम मिळालं असेल, हे मलाही कळतं. पण त्या घरातल्या एकाही माणसानं ती का गेली, कधी येणार, असं विचारू नये? थोरलीचा नवरा तर पुढच्याच प्रसंगात जेवायला बसला होता.

"अन् हा लोनचं मांगून राह्यला," माझ्या सासूबाई टीव्हीकडे पाहत म्हणाल्या. त्यांना मी आई म्हणते. माझे सासरे, मामाजी, पलीकडच्या खुर्चीत पेपर धरून बसले होते. ते उठून आत गेले. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. नकाशे काढणारा माणूस, बोलणं मुळात कमी. ते उठून गेले याचं कुणाला काही वाटलं नाही.

मला मात्र थोरली सोडेना. मालिकेचं नाव टाकून शोधता शोधता मी त्या ॲपवर पोचले. तिथं थोरली काय एकटीच होती का! कुणी तिला मुंबईला नेलं होतं, कुणी तिला दुबईत हॉटेल काढून दिलं होतं, कुणी तिची बस घाटात उलटवून तिची स्मृतीच घालवली होती. मी सगळं वाचलं. वाचता वाचता मला माझी आवड कळत गेली. आवड म्हणण्यापेक्षा संशय म्हणावा. गोड शेवट आला की मला लिहिणाऱ्याचा संशय येतो. ज्या गोष्टीत सगळं घर थोरलीच्या पाया पडतं, ती मी निम्म्यावर सोडते. एखादा श्रीमंत, समजूतदार डॉक्टर तिला भेटला की मी त्या डॉक्टरवर डोळा ठेवून राहते. इतका समजूतदार माणूस मी पाहिलेला नाही. फार देखणं लिहिणाऱ्यांचाही मला भरवसा नाही. चंद्र, पाऊस, मोगरा असं एका परिच्छेदात आलं की वाटतं, ही बाई काहीतरी लपवते आहे.

मला आवडतात त्या चुकत माकत लिहिलेल्या गोष्टी. ज्यांत थोरली बसमध्ये चढली की पुढं खिडकी घट्ट बसत नाही, वारा लागतो, म्हणून ती पदर कानाला गुंडाळते. ज्यांत तिला उलटी होते. एकीनं लिहिलं होतं की माहेरी पोचल्यावर तिला कुठल्या खोलीत झोपावं कळेना, कारण तिच्या खोलीत आता भावाची मुलं झोपत होती. ही बाई खोटं बोलत नाही असं मला वाटलं. ती कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण तिची प्रत्येक गोष्ट मी वाचली.

मागच्या वर्षी दिवाळी झाली आणि आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी टीव्ही बंद केला, फोन बंद केला, डोळ्यांतून पाणी काढायचं नाही म्हणून सांगितलं. काळा चष्मा लावून आई मागच्या अंगणात बाजेवर बसायच्या आणि हाताला येईल ते काम करायच्या. तुरीला शेंगा धरल्या होत्या. वावरातून हिरव्या शेंगांची पिशवी यायची आणि आई न पाहता शेंगा सोलायच्या. सोल्यांचा, त्या ओल्या दाण्यांचा, कच्चा हिरवा वास मला अजून त्या दुपारींसकट येतो. माझी शाळा सकाळची. दुपारी मी त्यांच्यापाशी बसायची.

"काही वाचून दाखव," एक दिवस त्या म्हणाल्या. "पेपर नोको. कोन मेलं तेच ऱ्हाते त्यात."

मी जरा घाबरतच थोरलीची एक गोष्ट वाचली. नेमकी घाटातली निघाली.

"बस कायले उलटवते हे बाई?" आई वैतागल्या. "जाऊ दे ना तिले सुखानं."

आमचं जमलं. दुसऱ्या दिवसापासून मी निवडून वाचायला लागले. आई माझ्यापेक्षा कडक निघाल्या. थोरली रडली की त्या म्हणायच्या, "पुढं चाल." थोरलीला कुणी समजवायला आलं की म्हणायच्या, "हा आला शाहाना." घराच्या बाजूच्या बोळात दुपारी ऊन येतं. तिथं मामाजींची खुर्ची असायची. सकाळी ते मारेगाव रस्त्यावरच्या आमच्या वावरात वेचणीवर लक्ष ठेवायला जायचे, दुपारी येऊन बोळात बसायचे. मधली भिंत कमरेएवढी. त्यांना सगळं ऐकू जातं, हे आमच्या ध्यानात नव्हतं. ध्यानात असतं तरी काही बिघडलं नसतं. ते बायकांच्या गोष्टी ऐकतील असं आम्हाला वाटलंच नसतं.

मग ‘पऱ्हाटी’ आली.

लिहिणारीनं हे नाव घेतलं होतं. पुण्या-मुंबईच्या वाचक बाया खाली विचारत होत्या, ताई, पऱ्हाटी म्हणजे काय? ताई उत्तर देत नव्हती. तिच्या गोष्टीत पूर्णविराम नव्हते, शब्द भलतेच पडलेले असायचे, थोरलीची कुठंकुठं ‘थोडली’ व्हायची. पण पहिलीच ओळ वाचून मी सावरून बसले. थोरली बसस्टँडवर उभी होती आणि तिच्या चपलेला काळी माती चिकटली होती. काळी माती पायाला कशी धरते, वाळल्यावर टाचेला कशी ओढते, हे इथं राहिल्याशिवाय लिहिता येत नाही.

"ही आपल्याकडची आहे," मी म्हटलं.

"वाच तू," आई म्हणाल्या.

गोष्टीची चालही विचित्र होती. पहिल्या भागात थोरली सासूच्या बोलण्याला कंटाळून बसमध्ये चढली. दुसऱ्या भागात ती पुन्हा त्याच बसस्टँडवर उभी. या वेळी कारण वेगळं, माहेरी कुणाचं तरी दुखणं. वाचक बाया वैतागल्या. ताई, नक्की काय ते ठरवा, असं खाली लिहू लागल्या. मला मात्र तेच आवडलं. एकच कारण छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. माणूस घर सोडतो ते काय एका कारणानं?

तिसऱ्या भागात मी वाचताना अडखळले. थोरली नवऱ्याला म्हणते, मला जाऊ द्या. तो मालिकेतला, शुद्ध पुणेरी बोलणारा नवरा ताटावरून मान वर न करता म्हणतो, "तुले कोनं अडवलं? जा ना."

मी पुढची ओळ वाचली, पण काय वाचलं ते मला कळलं नाही. कारण हे वाक्य माझं होतं. दसऱ्याच्या आसपास आमच्या संस्थेच्या यवतमाळच्या शाळेत पर्यवेक्षिकेची जागा निघाली होती. जावं असं मला वाटत होतं. आठवडाभर तिथं राहायचं, शनिवारी यायचं. मी स्वयंपाकघरात सुधीरशी, माझ्या नवऱ्याशी, हा विषय काढला. तो राजूरच्या खाणीच्या ऑफिसातून नुकताच आला होता, जेवत होता. ताटावरून मान वर न करता तो म्हणाला होता, "तुले कोनं अडवलं? जा ना." ज्यांनी असं वाक्य ऐकलं आहे त्यांना सांगावं लागत नाही. त्यानं दार उघडं ठेवलं होतं आणि मी जागची हलू नये याची सोयही केली होती. मी अर्ज केला नाही.

आता तेच वाक्य, त्याच ताटासकट, जगासमोर होतं. खाली कुणीतरी लिहिलंही होतं, असा नवरा नको गं बाई.

त्या दिवसापासून मला घरात कुणाचाच भरवसा वाटेना. स्वयंपाकघरात तेव्हा आम्ही दोघंच होतो. मग हे बाहेर कसं गेलं? सुधीर संध्याकाळी फोनवर क्रिकेट पाहत बसायचा. मी त्याच्या बोटांकडे पाहायची. हा माणूस टाइप तर करत नाही ना? मग वाटायचं, नाही, यानं ऑफिसात कुणाला गंमत म्हणून सांगितलं असेल. राजूरच्या एखाद्या क्लार्कबाईनं उचललं असेल. मी भाजी टाकता टाकता सहज विचारायची, "तुमच्या ऑफिसात कुणी लिहितं का हो?" तो म्हणायचा, "लिव्हतात ना, रजेचे अर्ज."

मग मला नंदाताई आठवली. माझी नणंद, मारेगावला दिलेली. ‘जा ना’चं मी फक्त तिच्याजवळ फोनवर बोलले होते. शिवाय तिला वावर, वेचणी, काळी माती सगळं ठाऊक. मी फोन लावला आणि आडून आडून न विचारता सरळ विचारलं, "ताई, तुम्ही गोष्टी लिहिता का?"

पलीकडे भांडी पडल्यासारखं हसू आलं. "मले बोंडं फुटाच्या दिवसात जेवाले फुरसत नाही, अन् मी गोष्टी लिहू? काहून वो, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. तिच्या हसण्याचाही मला संशय आला. खोटं बोलणारी माणसं इतकीच मोकळी हसतात.

आईंना मी काही सांगितलं नव्हतं. पण त्या वाक्यानंतर त्याही बदलल्या होत्या. पूर्वी मध्ये मध्ये बोलायच्या, आता नुसत्या ऐकायच्या. सोललेल्या शेंगांची टरफलं सोल्यांतच पडायला लागली होती. मला वाटलं, यांनाही कळलं की हे आमच्या घरचं आहे. सून घरातलं बाहेर सांगते असं यांना वाटत असेल. आम्ही दोघी रोज दुपारी एकाच बाजेवर बसत होतो आणि मी त्यांच्या गप्प बसण्याचे अर्थ लावत होते.

त्यानंतर जो भाग आला तो मी असा वाचला. विराम नव्हतेच, म्हणून एका दमात:

"थोरलीनं खिडकीतून मागं पाहिलं नाही तिचा नवरा फाटकाशी उभा होता त्याला वाटलं ती हात हलवेल ए शांता ते वळ अर्धी सोडली तुमी मागं फिरा ना बाई बोंडं दिसून राह्यली मले इथून आणि बस निघून गेली."

मी थांबले. आईंचा हात शेंगेवर थांबला.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"शांता कोण आली मध्येच?" मी म्हटलं. "मालिकेत तर शांता नाही."

"शांता आपल्या वावरात येते वेचाले," आई म्हणाल्या. "आंगानं जाडी हाये ते. ओळ सोडते."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. म्हणजे मी त्यांच्या काळ्या चष्म्याकडे. मग मला सगळं एकदम दिसलं. नंदाताईच्या मुलीनं सुट्टीत मामाजींना फोनवर बोलून लिहायला शिकवलं होतं. आपण बोलायचं, फोन लिहून घेतो. तेव्हापासून त्यांचे निरोप असेच यायचे, विराम नसलेले, शब्द भलतेच पडलेले. ॲपचं नावही त्यांनी बोळात बसून आमच्याच तोंडून ऐकलं असणार. सकाळी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, उभे राहून मामाजी फोनपाशी थोरलीची गोष्ट सांगत होते आणि सांगता सांगता शांताला ओरडले होते. फोननं इमानदारीनं दोन्ही लिहून घेतलं होतं.

आई हसायला लागल्या. पदर तोंडावर धरून, बाज हलेपर्यंत. "डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, आई," मी म्हणत होते आणि मीही हसत होते. बोळातली खुर्ची रिकामी होती; मामाजी अजून वावरातून आले नव्हते. मग आईंचं हसू संपलं आणि त्यांनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

"ते तुह्याबद्दल नाही होय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू घाबरली होती ना त्या दिवशी? जा ना, वाचलं तवा. ते माह्यं होय."

मग त्यांनी सांगितलं. सुधीर लहान होता, नुकता शाळेत जायला लागला होता. मुकुटबनला आईंच्या भावाच्या वावरात वेचणी चालू होती. "मी म्हनलं, मले जाऊन येऊ द्या. तर हे ताटावर बसले होते. म्हने, तुले कोनं अडवलं? जा ना. काही भांडन नव्हतं. कोनी मारलं नाही, कोनी काही बोललं नाही. पन मले त्या बोलन्याचा असा राग आला, मी दोन दिसासाठी गेलती ते राह्यलीच. संक्रांत तिथंच केली. सुधीरले त्याच्या आजीनं ठेवून घेतलं होतं, शाळा बुडन म्हनून. हे जा ना म्हनले तवा तो तिथंच उभा होता, दाराशी."

मी सुधीरला हे नंतर सांगितलं. आपण दसऱ्याला काय म्हणालो ते त्याला आठवत नव्हतं. "मी असं म्हनलो?" त्यानं विचारलं. बाबाही तेच म्हणाले होते आणि तू दाराशी उभा होतास, असं मी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हाताची बोटं मोडत बसला. मग म्हणाला, "ते जागा भरली का?" भरलेली नव्हती. उन्हाळ्यानंतर माझी गादी आणि कुकर घेऊन तोच मला यवतमाळला सोडायला आला. खोलीतला पंखा नीट चालतो का ते त्यानं तीनदा बटण दाबून पाहिलं. आता मी त्याच्या बोटांकडे संशयानं पाहत नाही. मात्र त्याच्या तोंडातून एखादं वाक्य निघालं की हे नक्की कुणाचं, असं मनात येऊन जातं. माझ्या तोंडातून निघालेल्यांबद्दलही येतं.

पण त्या दुपारी हे सगळं पुढं होतं. त्या दुपारी आई विचारत होत्या, "तिथं आपल्याले लिहिता येते का?"

"खाली अभिप्राय देता येतो."

"नाव द्या लागते?"

"कोणतंही द्या."

त्यांनी विचार केला. "मुकुटबन लिही."

मी लिहिलं. मग त्या सांगत गेल्या आणि मी जसंच्या तसं उतरवलं, व्याकरण दुरुस्त न करता. "थोरली काहून गेली ते सगळ्यायनं लिहिलं. तिले आनाले कोनी काहून नाही गेलं, ते कोनी लिहीत नाही. ते लिहा."

माझं बोट बटणावर होतं. इतक्या गोष्टी मी वाचल्या होत्या, आवडीनिवडी ठरवल्या होत्या, कोण खरं लिहितं आणि कोण खोटं यावर मनातल्या मनात निकाल दिले होते. सगळ्यांनी बस निघाली तिथून गोष्ट सुरू केली होती. मागे राहिलेल्या फाटकाकडे मीही पाहिलं नव्हतं.

"पाठवू?"

"थांब." त्यांनी हातातली शेंग सोलली, आणखी एक सोलली. "पाठव."

पुढचे काही दिवस ‘पऱ्हाटी’ गप्प होती. मामाजी वावरात जात होते, येत होते. फोन कपाटावर उलटा पडलेला असायचा. त्यांनी वाचलं की नाही? जेवताना मी त्यांच्याकडे पाहायची. वरणात लिंबू पिळताना त्यांचा हात जरा जास्तच रेंगाळतो आहे का? त्यांनी आईंना मीठ मागितलं, तर त्यातही मला काही सापडतं का ते मी शोधत होते. आई तर काहीच दाखवत नव्हत्या. एवढ्या वर्षांच्या सवयीनं दोघंही इतकी तयार झाली होती की त्यांच्या मधून जाताना मलाच अंग चोरून घ्यावंसं वाटायचं. नंदाताईचा फोन आला. "माय बरी हाये ना? बाबाचा आवाज बारीक लागून राह्यला." मी म्हटलं, थंडी आहे.

मग नवा भाग आला. लहान होता. या वेळी शब्द जागच्या जागी होते, पूर्णविराम होते, थोरली थोरलीच होती. तो बोलून लिहिलेला नव्हता. मामाजींनी बोटानं एकेक अक्षर टाइप केलं होतं. हे वावरात उभं राहून मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं.

आईंना मी तो दुपारीच वाचून दाखवला.

"थोरलीचा नवरा एकदा गेला होता. त्यानं कोणाला सांगितलं नाही. ऑफिसातून परस्पर बसमध्ये बसला. फाट्यावर उतरून पायवाटेनं वावरापर्यंत गेला. थोरली भावजयीसोबत कापूस वेचत होती. भावजय काहीतरी बोलली आणि थोरली हसली. घरी त्यानं तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. तो धुऱ्यावर थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला."

एवढंच होतं. खाली अजून कुणाचा अभिप्राय नव्हता.

आईंनी पुन्हा वाचायला सांगितलं नाही. त्यांच्या मांडीवरच्या सुपात सोले तसेच होते.

"खरं असन हे?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत, आई."

"तूच म्हंते ना, लिव्हनाऱ्याचा भरवसा नाही म्हनून. मानूस मनानं बी लिव्हते." त्यांचा आवाज कोरडा होता. "आता चांगलं वाटावं म्हनून लिव्हलं असन. मी गेलतो, म्हने. कोनं पाह्यलं?"

गोड शेवटावर विश्वास ठेवू नये हे त्यांना शिकवणारी मीच होते. आणि हा शेवट तरी गोड होता का? तो खरा असेल तर फार वाईट होता. खोटा असेल तर त्याहून वाईट.

आई उठल्या. मी हात द्यायला गेले तो त्यांनी घेतला नाही. भिंतीला धरत, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत गेल्या. त्या दिवशी आभाळ आलं होतं, बोळात ऊन नव्हतं, म्हणून मामाजी आतच पेपर घेऊन बसले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

"माह्या आंगावर काय होतं?" आईंनी विचारलं.

मामाजींनी पेपर खाली केला. कधी, कुठं, असं काही विचारलं नाही. आईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मला वाटलं आता हे आठवल्यासारखं करतील, एखादा रंग सांगतील. हिरवा, लाल, काहीही. मी मनातून तयार होते.

"लुगडं दिसतच नव्हतं," ते म्हणाले. "वरून तुह्या भावाचा शर्ट घातला होता, पऱ्हाटीनं खरचटू नये म्हनून. रेघारेघाचा. एक बाही दुमडली होती, एक तशीच लोंबत होती."

आईंचा उजवा हात डाव्या मनगटाशी गेला आणि तिथं कापड नसताना बोटं काहीतरी वर सारल्यासारखी फिरली.

"मंग आवाज काहून नाही देल्ला?"

मामाजींनी पेपराची घडी घातली. शेजारची खुर्ची पुढे ओढली, तिच्यावरचे इस्त्रीचे कपडे उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले.

"बस," ते म्हणाले. "सांगतो."

मी स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं.